उद्योजक व्हायचे आहे; मग शाखा कोणती?

बारावीचे निकाल, सीईटीचे पर्सेंटाइल आणि प्रवेशफेऱ्यांच्या तारखा यांच्या चर्चेने चातुर्मासाच्या आरंभीचे हे दिवस घरोघरी भरून गेलेले असतात. मंदिराच्या पायरीवर दोन गृहस्थ भेटले तरी स्वाध्यायाचा विषय बाजूला राहतो आणि कोणाच्या मुलाला कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा मिळाली, यावर बोलणे सुरू होते. या महिन्यात सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी एक पत्र याच विषयाचे आहे आणि ते अनेक कुटुंबांची मनःस्थिती सांगणारे असल्यामुळे त्याचा आशय येथे देतो.

शिरोळ तालुक्यातील एका श्राविका भगिनींनी लिहिले आहे, की त्यांच्या मुलाला अभियांत्रिकीला जायचे आहे, परंतु नोकरीसाठी नव्हे. शाळेत असल्यापासून तो गावातील शेतपंपांचे स्टार्टर उघडून दुरुस्त करतो. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागू नये आणि मोटारही जळू नये, असा स्टार्टर स्वतःच्या कारखान्यात तयार करण्याची त्याची इच्छा आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत मात्र असे, की आज कॉम्प्युटर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांखेरीज दुसऱ्या शाखेला अर्थ उरलेला नाही. मोठ्या शहरातील एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून ती शाखा मिळू शकते. त्यासाठी चार एकरांपैकी दोन एकर जमीन तारण ठेवण्याचा विचार चालू आहे. भगिनी विचारतात, "मुलाला उद्योजकच व्हायचे असेल, तर त्याने नेमके काय शिकावे? आणि जमीन गहाण ठेवावी का?"

हे प्रश्न दोन दिसत असले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून क्रमाने विचार करू.

नोकरी करू इच्छिणारा विद्यार्थी शाखा निवडताना विचारतो, की चार वर्षांनंतर मला कोण घेईल आणि किती वेतन देईल. हा प्रश्न रास्त आहे; त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु उद्योजक होऊ इच्छिणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. मी काय तयार करणार, ते कोण विकत घेणार आणि तयार झालेली वस्तू चांगली की सदोष, हे मला स्वतःला कळेल का, असे त्याने विचारले पाहिजे. आपल्या घरांत होते असे, की पहिल्या प्रश्नाची उत्तरे गोळा केली जातात आणि त्यांच्या आधारे दुसऱ्याचा निर्णय घेतला जातो. गेल्या वर्षी कोणत्या शाखेला किती लाखांचे पॅकेज मिळाले, ही माहिती नोकरदाराच्या कामाची आहे. कारखाना काढणाऱ्याला तिचा उपयोग जवळजवळ नाही.

चार उद्योजकांचे शिक्षण

पदवी आणि उद्योग यांचा संबंध सरळ रेषेचा नाही, हे आपल्याच प्रदेशातील काही चरित्रांवरून दिसते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून घरच्या व्यवसायात पाऊल टाकले. पुढे लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेतली. फाटक रेल्वेत कारकून होते. कामाची आतील माहिती त्यांच्यापाशी होती आणि भांडवल उभे करण्याचे सामर्थ्य वालचंदांपाशी. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली आणि १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला, त्याचा पाया या कंत्राटदारीत घातला गेला होता. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले; परंतु यांत्रिक आरेखन त्यांच्या हातात बसले होते आणि तेच ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, असा त्यांचा प्रवास आहे. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. ती दूर करून नांगर खपविणे हे नांगर घडविण्याइतकेच कठीण काम होते. आपल्या समाजाचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढण्यापूर्वी काही काळ किर्लोस्करांच्या मालाच्या विक्रीचे काम केले होते, हे तरुणांना सांगण्यासारखे आहे.

जळगावचे भवरलालजी जैन हे वाणिज्य आणि कायदा या विषयांचे पदवीधर. १९६३ मध्ये कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. शेतकऱ्याला लागणाऱ्या एकेका वस्तूच्या मागे जात ते पाइपांच्या कारखान्यापर्यंत आणि पुढे ठिबक सिंचनापर्यंत पोहोचले. चौथे उदाहरण पुण्याच्या अरुण फिरोदिया यांचे. आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या फिरोदियांचे नाव १९७२ मध्ये बाजारात आलेल्या 'लुना' या दुचाकीशी जोडले गेले.

या चार चरित्रांवरून "पदवीला महत्त्व नाही" असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा आहे. वालचंदांना फाटकांची गरज भासली, कारण कामाचे ज्ञान व्यवसायात कोणाकडे तरी असावेच लागते. किर्लोस्करांना यंत्राचे चित्र वाचता आणि काढता येत होते. भवरलालजींना ग्राहकाचे शेत ठाऊक होते. फिरोदियांच्या पाठीशी वाहननिर्मितीचा घरचा वारसा होता. म्हणजे प्रत्येकाकडे वस्तूचे किंवा ग्राहकाचे सखोल ज्ञान होते आणि जे नव्हते ते भागीदाराकडून, घरातून किंवा अनुभवातून आले. ज्या मुलाच्या घरी कारखाना नाही, भागीदार नाही आणि ओळखीही नाहीत, त्याला वस्तूचे ज्ञान मिळविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आजही महाविद्यालयाची चार वर्षे हाच आहे. म्हणूनच ती चार वर्षे कशावर खर्च करावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जे नंतर शिकता येत नाही, ते आधी शिकावे

मी स्वतः वाणिज्य शाखेचा. नोकरीचा बराचसा काळ लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेला. म्हणून पुढील विधान पक्षपाताचे मानले जाणार नाही, अशी आशा आहे. ज्याला वस्तू निर्माण करायची आहे, त्याने पहिली पदवी व्यवस्थापनाची किंवा वाणिज्याची घेऊ नये. ताळेबंद वाचणे, वस्तूची किंमत ठरविणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे हे तिशीत शिकता येते. चाळिशीत शिकलेले लोक मी पाहिले आहेत. परंतु चुंबकीय क्षेत्र, पदार्थांचे बल, उष्णतेचे नियम किंवा रासायनिक अभिक्रिया हे विषय तिशीत, डोक्यावर हप्ते आणि समोर ग्राहक असताना, मुळापासून शिकणे बहुतेकांना जमत नाही. लेखापाल पगारावर मिळतो. आपली वस्तू का बिघडते हे समजणारी बुद्धी मालकाच्या ठिकाणी नसेल, तर ती पगारावर आणलेली फार काळ टिकत नाही. दोन वर्षांत तीच बुद्धी समोरच्या गाळ्यात स्वतःचा कारखाना काढते.

यावरून शाखा निवडण्याची एक साधी कसोटी निघते. जी वस्तू करायची आहे ती बहुधा कोठे बिघडते, हे शोधावे. त्या दोषाचे शास्त्र ज्या शाखेत शिकवितात, ती शाखा घ्यावी. बाकीचे ज्ञान जोडीला घेता येते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यानुसार मूळ पदवीबरोबर १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून दुसऱ्या विषयाची 'मायनर' पदवी घेण्याची सोय अनेक महाविद्यालयांत आहे. यंत्र अभियंत्याला संगणकाचे आणि संगणक अभियंत्याला व्यवस्थापनाचे ज्ञान घेण्याचा तो अधिकृत मार्ग आहे; त्याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

शाखा आणि भांडवलाचा स्वभाव

प्रत्येक शाखेतून निघणाऱ्या उद्योगाच्या भांडवलाचा स्वभाव वेगळा असतो. तो महाविद्यालयात सहसा सांगितला जात नाही. बँकेत मात्र तोच आधी पाहिला जातो.

यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीच्या उद्योगात पैसा आरंभीच यंत्रांत जातो. यंत्र तारण म्हणून दिसते, त्यामुळे कर्ज मिळणे तुलनेने सोपे. परंतु यंत्र रिकामे राहिले तरी हप्ता थांबत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा सांगलीच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करून देणारे लहान उद्योजक पाहिले, म्हणजे हे ध्यानात येते. त्यांचा खरा शत्रू उशिरा येणारे बिल हा असतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु कायद्याचा हवाला देऊन एकमेव ग्राहकाला दुखावण्याचे धैर्य नवोदिताला होत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने एका ग्राहकावर उभे राहू नये.

धातुशास्त्राकडे आपल्या भागातील मुले फारशी वळत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. कारण कोल्हापूरची ओळखच ओतकामाची आहे. साच्याच्या वाळूत ओल थोडी अधिक राहिली, तरी वाफ अडकून ओतीव भागात पोकळी राहते आणि ती ग्राहकाच्या लेथवर भाग चढल्यावर उघड होते. परत आलेला माल पुन्हा वितळवावा लागतो, म्हणजे विजेचा खर्च दुप्पट. ज्या मालकाला या दोषाचे कारण कळते, त्याचा नफा तेथेच सुरू होतो. पिढीजात फाउंड्री असलेल्या घरातील मुलाने कॉम्प्युटरच्या मागे धावण्यापूर्वी या शाखेचा एकदा विचार करावा. इचलकरंजीतील यंत्रमागधारकांच्या मुलांना वस्त्र अभियांत्रिकीविषयी हेच सांगता येईल. तिचे शिक्षण तर गावातच उपलब्ध आहे.

कॉम्प्युटर शाखेच्या उद्योगाला यंत्रे लागत नाहीत, म्हणून तो विनाभांडवली आहे असा समज पसरला आहे. तेथे भांडवल पगारांत जाते आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात. वस्तू तयार होऊन तिला ग्राहक मिळेपर्यंतचे महिने कसे काढायचे, हा तेथील मूळ प्रश्न आहे. तारण ठेवण्यासारखे डोळ्यांना काही दिसत नसल्यामुळे बँकेचे साहाय्यही लवकर मिळत नाही. ज्याला खरोखरच आज्ञावलीची वस्तू निर्माण करायची आहे, त्याने ही शाखा अवश्य घ्यावी. त्यासारखी विस्तारणारी दुसरी बाजारपेठ नाही. परंतु "त्यात सध्या मागणी आहे" हे उद्योजकाचे कारण होऊ शकत नाही. नव्या आकर्षक नावांच्या उपशाखा घेणाऱ्यांनीही नावापेक्षा अभ्यासक्रमातील गणिताचे आणि मूलभूत विषयांचे प्रमाण पाहावे.

स्थापत्य अभियांत्रिकीतून कंत्राटदारी करणाऱ्याला कामे मिळतात, पण बिले रखडतात आणि अनामत रक्कम अडकून पडते. तेथे संयम हेच भांडवल. रसायन अभियांत्रिकीत नफ्याचे प्रमाण चांगले असते, परंतु कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालू करण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर आधीच खर्च करावा लागतो आणि प्रयोगशाळेत जमलेली प्रक्रिया मोठ्या पात्रात तशीच जमेल याची खात्री नसते. तेथे घाई करणारा बुडतो.

श्रावकाने आणखी एक प्रश्न विचारावा

आपल्या दोन्ही परंपरांतील श्रावकाचाराच्या ग्रंथांनी गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या धनाला अग्रस्थान दिले आहे. धन मिळवू नये असे त्यांनी गृहस्थाला सांगितले नाही; ते कोणत्या मार्गाने मिळवावे, हे सांगितले. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानून संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य ठरविली आणि उद्योगातील अपरिहार्य हिंसा विवेकाने, यत्नाचाराने कमीत कमी करण्यास सांगितले. पंधरा कर्मादानांच्या यादीत अंगारकर्म आहे, विषवाणिज्य आहे, तलाव शोषून कोरडे करण्याचे कर्म आहे आणि यंत्रपीडनही आहे. ही यादी शब्दशः लावली, तर आजचे किती उद्योग उरतील, असा प्रश्न तरुण विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे. कोणत्या व्यवसायात जीवहिंसा, वृक्षतोड, जलाचा नाश आणि दुसऱ्याच्या आरोग्याची हानी अधिक होते, याकडे आपल्या आचार्यांनी कित्येक शतकांपूर्वी बोट ठेवले. ते बोट आजही योग्य जागी आहे. हा विचार कारखाना चालू झाल्यावर करू म्हटले, तर उशीर झालेला असतो. कारण तोवर कर्ज असते, कामगार असतात आणि ग्राहक मागेल तो माल देण्याची सवय लागलेली असते. शाखा आणि वस्तू निवडतानाच तो केला, तर त्यातून वाटा बंद होतात तशा उघडतातही. सांडपाण्याचे शुद्धीकरण, ओतकामातील वाळूचा पुनर्वापर, कमी विजेवर चालणारी भट्टी, पाणी वाचविणारी सिंचनसामग्री ही अभियांत्रिकीची कामे आहेत आणि त्यांना ग्राहकही आहेत. ठिबकाची नळी विकणाऱ्याने धर्म आणि व्यवसाय यांची दोन वेगळी खाती ठेवण्याचे कारण नाही.

बी-भांडवल फीमध्ये घालवू नये

आता त्या भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. उदाहरणादाखल असे धरू, की घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयात चार वर्षांचा एकूण खर्च ५ लाख रुपये येतो आणि दूरच्या शहरात व्यवस्थापन कोटा, वसतिगृह व जेवण धरून १६ लाख. फरक ११ लाखांचा. नोकरी करणारा मुलगा हा फरक पगारातून फेडू शकेल. उद्योजकाच्या बाबतीत हे ११ लाख म्हणजे त्याच्या कारखान्याचे बी आहे.

बँकेची एक प्रचलित रीत सांगतो. लघुउद्योगाच्या अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून लागते असे धरतात. त्यांपैकी २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालायचे असतात. म्हणजे १ कोटीच्या विक्रीसाठी मालकाचे ५ लाख. या हिशेबाने ११ लाख रुपये हाती असणारा तरुण २ कोटी २० लाखांच्या विक्रीपर्यंत खेळत्या भांडवलातील आपला वाटा उचलू शकतो. तोच तरुण ते ११ लाख फीमध्ये देऊन आला, तर उत्तम प्रकल्प अहवाल घेऊनही बँकेसमोर रिकाम्या हातांनी उभा राहतो.

दुसरी बाजू हप्त्याची. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. १० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे झाल्यास दरमहा सुमारे १३,२०० रुपये भरावे लागतात. शिक्षणाच्या काळातील व्याज त्यात मिळविले तर अधिक. नवा उद्योग पहिल्या दोन वर्षांत मालकाला घरखर्चापुरते देईल, याचीही शाश्वती नसते. हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. अशा वेळी मुलगा नोकरी धरतो, "दोन वर्षांनी बघू" म्हणतो, आणि स्टार्टरचे स्वप्न माळ्यावरच्या पेटीत जाते. कर्ज घेऊच नये असे मी म्हणत नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत स्थावर तारण लागत नाही. गरजेपुरते कर्ज त्या मर्यादेत घ्यावे. जमिनीला हात लावू नये. जमीन तारण ठेवायचीच असेल, तर ती कारखान्याचा पहिला ग्राहक मिळाल्यावर ठेवता येईल.

पुढील भांडवलाचाही विचार आताच करून ठेवावा. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात येतो. नव्या उत्पादन प्रकल्पात त्याने स्वतःचे ५ टक्के घालायचे असतात आणि ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्क्यांपर्यंत असते. २० लाखांच्या प्रकल्पाला स्वतःचे १ लाख आणि अनुदान ७ लाख, असा हिशेब होतो. मात्र हे अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात जमा होते. योजनांचे तपशील बदलत असतात. अर्जाच्या वेळचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारावेत आणि अनुदानासाठी उद्योग काढू नये, उद्योगासाठी अनुदान घ्यावे.

त्या मुलासाठी

आता आपली कसोटी या मुलाला लावू. शेतपंपाचा स्टार्टर कोठे हरतो? तीनपैकी एक फेज गेली, तर उरलेल्या वेटोळ्यांतून प्रवाह वाढतो आणि मोटार तापून जळते. दाब कमी आला तरी तेच. विहिरीचे पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरत राहिला, की पाण्याने मिळणारा थंडावा जातो. पुढे येतात ते रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन पाळीत वाळणारे पीक. हे सारे दोष मोटारीचे आणि विद्युतप्रवाहाचे आहेत. मोबाइलवरून सूचना देणारा भाग आवश्यक आहे, परंतु तो आज बाहेरून करून घेता येतो आणि इतर अनेकजण तो करतात. मोटार जळू न देणे हे ज्याला साधेल, त्याचा स्टार्टर शेतकरी शेजाऱ्याला सुचवील.

म्हणून माझा सल्ला असा. या मुलाने जवळच्या, शासकीय किंवा अनुदानित असल्यास उत्तमच, अशा महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखा घ्यावी आणि इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाची मायनर जोडीला करावी. विद्युत यंत्रे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मापन हे विषय त्याने परीक्षेपुरते न शिकता हातांनी शिकावेत. पहिल्या दोन वर्षांच्या सुट्ट्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात घालवाव्यात आणि आलेली प्रत्येक मोटार कशाने जळाली, याची वही ठेवावी. शंभर मोटारींची ती वही त्याच्या प्रकल्प अहवालाचे पहिले प्रकरण होईल आणि ती वाचून कोणताही कर्ज अधिकारी खुर्चीत सावरून बसेल. तिसऱ्या वर्षी त्याने जमाखर्च लिहायला आणि एका नगाचा उत्पादनखर्च काढायला शिकावे. चौथ्या वर्षी पाच स्टार्टर करून पाच शेतांत बसवावेत, आणि पैसे घेऊन बसवावेत. फुकट दिलेल्या वस्तूची तक्रार कोणी करीत नाही, आणि तक्रारीवाचून सुधारणा नाही. पदवीनंतर दोन वर्षे एखाद्या कारखान्यात काम केले, तर खरेदी, कामगार आणि दर्जातपासणी यांचे शिक्षण दुसऱ्याच्या खर्चाने होते. त्यानंतर काढलेला कारखाना टिकण्याचा संभव अधिक. हेच सूत्र मुलींनाही लागू आहे. उद्योजक व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला घरातून सोपी शाखा सुचविण्याची रीत आता सोडून द्यावी.

मुलाचे मन चार वर्षांत बदलणार नाही कशावरून, अशी शंका वडीलधारे घेतील. बदलू शकते. तसे झाले तरी घरात कर्जाचा डोंगर नसेल, जमीन मोकळी असेल आणि इलेक्ट्रिकलच्या पदवीवर नोकरीची दारेही उघडी असतील. ज्या निर्णयात स्वप्न चुकले तरी घर सुरक्षित राहते, तो निर्णय वडीलधाऱ्यांनाही मान्य व्हावा.

समाजाकडे एक मागणे

दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली. त्या काळच्या धुरीणांनी ओळखले, की खेड्यातील जैन मुलाला शिक्षणासाठी शहरात राहण्याची सोय हवी; म्हणून त्यांनी बोर्डिंगे काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या मुलांत भाऊराव पाटील होते. त्या काळची उणीव निवाऱ्याची होती. आजच्या तरुणाची उणीव वेगळी आहे: त्याला कारखान्याच्या आत जायला मिळत नाही आणि पहिले पाच लाख मिळत नाहीत.

दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र देतो. तो अवश्य करावा. त्याबरोबर प्रत्येक गावातील जैन कारखानदाराने सुट्टीच्या दोन महिन्यांसाठी दोन मुलांना आपल्या कारखान्यात घ्यावे आणि त्यांना झाडलोटीपासून दर्जातपासणीपर्यंत सर्व दाखवावे. ज्या ट्रस्टांपाशी निधी आहे, त्यांनी त्यातील काही भाग विनाव्याज बी-भांडवल म्हणून, दोन जाणत्या उद्योजकांच्या शिफारशीने, परतफेडीच्या अटीवर द्यावा. परत आलेली रक्कम पुढच्या मुलाला मिळेल. दान आणि हिशेब या दोन्ही गोष्टींत आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या निष्णात आहे. हे काम त्याला अवघड नाही. प्रवेशफेरीचा अर्ज भरण्याची मुदत जवळ आली आहे. पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून एवढेच विचारावे, की तुला काय तयार करायचे आहे. त्याने उत्तर दिले, तर शाखा त्यातूनच सापडेल.

जय जिनेंद्र.